सहलेखकाचा एक प्रश्न आणि अडीच वर्षांचे गणित

वर्गमुक्त (धागालेखिका)

मी संख्या सिद्धांतात संशोधन करते असे सांगितले की ऐकणाऱ्याला आधी अंकज्योतिष आठवते, मग संख्याशास्त्र, आणि यांपैकी काहीच नव्हे हे कळल्यावर विषय बहुधा तिथेच संपतो. या धाग्यात तो थोडा पुढे न्यावा असा विचार आहे. सिद्धता कशा सापडतात यावर पुष्कळ लिहिले जाते. सिद्धता चुकते तेव्हा ती लिहिणाऱ्या दोन-तीन माणसांमध्ये काय घडते, यावर मात्र कमी. आमच्या एका शोधनिबंधाची मुद्रितशोधनाची प्रत नुकतीच हाती आल्यामुळे सगळे ताजे आहे, म्हणून लिहायला बसले.

प्रश्न शालेय गणितात मांडता येतो. ज्या संख्येला १ सोडून कोणत्याही पूर्ण वर्गाने निःशेष भाग जात नाही, ती वर्गमुक्त संख्या. १०, १४, १५ या वर्गमुक्त आहेत. १२ नाही, कारण तिला ४ ने भाग जातो. १८ नाही, कारण तिला ९ ने भाग जातो. न आणि न + १ या लगतच्या दोन्ही संख्या वर्गमुक्त असण्याचे प्रमाण सुमारे ०.३२२६ आहे. न आणि न + ४ यांची जोडी घेतली तर हेच प्रमाण बरोबर दीडपट, म्हणजे सुमारे ०.४८३९ होते, कारण न आणि न + ४ यांना ४ ने भागल्यावर एकच बाकी उरते, आणि त्यामुळे चार शक्य बाक्यांपैकी दोन गाळण्याऐवजी एकच गाळावी लागते.

इथपर्यंतचे सर्व जुने आहे. आमचा झगडा त्रुटीपदाशी होता, म्हणजे क्ष पर्यंतच्या अशा जोड्या प्रत्यक्ष मोजल्या तर ती मोजणी 'प्रमाण गुणिले क्ष' या अपेक्षेपासून जास्तीत जास्त किती ढळते, या प्रश्नाशी. अंतर १ असताना हे ढळणे क्ष च्या २/३ घाताच्या आसपास राहते हे प्राथमिक पद्धतीने, म्हणजे जड साधने न वापरता, दाखवता येते, आणि हीथ-ब्राऊन यांनी १९८४ मध्ये तो घात ७/११ पर्यंत खाली आणला. तेवढी आमची महत्त्वाकांक्षा नव्हती. घात २/३ च राहिला तरी चालेल, पण न आणि न + ह यांतील अंतर ह कितीही मोठे, अगदी क्ष एवढे असले तरी तोच अंदाज लागू पडावा आणि सोबत लॉगरिदमचा एक ठरावीक घातच यावा, एवढेच आम्हाला हवे होते.

आम्ही तिघे होतो: मी, एक ज्येष्ठ सहकारी आणि नुकतीच डॉक्टरेट संपवलेला एक तरुण, ज्याचा हात संगणकावर आमच्या दोघांपेक्षा कितीतरी सफाईने चालतो. तिघे एका फळ्यासमोर कधीही उभे राहिलो नाही. दर आठवड्याला एक व्हिडिओ संवाद आणि तिघांना उघडी असलेली एक टिपणवही, एवढ्यावर काम चालले. संवाद म्हणजे सतत चर्चा अशी कोणाची कल्पना असेल तर सांगते: एकदा पन्नास मिनिटांच्या भेटीत निम्म्याहून अधिक वेळ आम्ही तिघेही गप्प होतो, आणि ती भेट वाया गेली असे कोणालाच वाटले नाही. पहिल्या सात महिन्यांतील टिपणे आज वाचली तर त्यांत चाललेली एकही गोष्ट सापडत नाही.

नंतर मार्ग सापडला. न ला एखाद्या मोठ्या वर्गाने आणि न + ह ला दुसऱ्या मोठ्या वर्गाने भाग जातो अशा किती जागा आहेत, हे मोजताना प्रश्न शेवटी वर्गप्रकृतीसारख्या समीकरणांच्या उकली मोजण्यावर येऊन ठेपतो. उजव्या बाजूला अंतर ह येते; उदाहरणार्थ ह = १ साठी अ² − २ब² = १. याच्या धन उकली (३, २), (१७, १२), (९९, ७०) अशा वाढत जातात, आणि ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये सांगितलेल्या 'भावना' पद्धतीने आधीच्या उकलीपासून पुढची मिळते. सगळ्या उकली एकाच साखळीत ओवलेल्या असतात, आणि साखळी इतक्या झपाट्याने वाढते की क्ष पर्यंत तिचे लॉगरिदमइतकेच दुवे बसतात. ह = १ साठी हे मी नीट सिद्ध केले आणि 'सामान्य ह साठीही याच रीतीने' असे लिहून पुढे गेले.

ज्येष्ठ सहकाऱ्यांनी समासात लिहिले, "साखळी एकच कशावरून?" मी उत्तरादाखल वरच्या परिच्छेदाचा क्रमांक दिला. त्यात थोडा वैताग होता, हे आज कबूल करायला हरकत नाही. दोन दिवसांनी त्यांची एका ओळीची ई-मेल आली: "अ² − २ब² = ११९ सोडवून पाहावे."

कागद घेऊन बसले. १२१ वजा २, म्हणजे (११, १). मग (१३, ५): १६९ वजा ५०. मग (१९, ११) आणि (२९, १९). पुढची उकल (३७, २५), आणि ती (११, १) पासून निघते. परंतु आधीच्या चारांपैकी कोणतीही दुसरीपासून निघत नाही. चार स्वतंत्र साखळ्या. ११९ म्हणजे ७ गुणिले १७, तिचे विभाजक चार. ७ साठी पाहिले तर (३, १) आणि (५, ३) अशा दोन साखळ्या, आणि ७ चे विभाजक दोन. कागदावर हे मांडायला पंधरा मिनिटे लागली असतील. साखळ्यांची संख्या ह च्या विभाजकांबरोबर वाढू शकते, आणि विभाजकांची संख्या काही ह साठी लॉगरिदमच्या कोणत्याही ठरावीक घाताला मागे टाकते. म्हणजे आमचे प्रमेय, ज्या स्वरूपात मी ते एका परिषदेत जाहीरही करून आले होते, त्या स्वरूपात सिद्ध झालेलेच नव्हते.

ते सावरायला आणखी नऊ महिने लागले. आता त्रुटीपदात ह च्या विभाजकांची संख्या उघडपणे गुणक म्हणून बसली आहे. निकाल अधिक दुबळा आहे, पण खरा आहे. मसुदा पूर्ण झाल्यावर ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कळवले की त्यांनी एकही पान लिहिलेले नाही, तेव्हा त्यांचे नाव वगळावे. आम्ही दोघांनी ते मानले नाही. आमच्या विषयात नावे आडनावांच्या वर्णानुक्रमाने येतात, त्यामुळे कोणाचे किती हा हिशेब शीर्षकाखाली दिसतच नाही. परंतु प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही: सात शब्दांच्या त्या ई-मेलचे श्रेय नेमके कशात मोजावे? संशोधनात असलेल्यांचे आणि नसलेल्यांचेही मत वाचायला आवडेल.

पडताळा

लेख आवडला. श्रेयाबद्दल नंतर बोलू. मला आधी तुमच्या तरुण सहकाऱ्याच्या बाजूने विचारायचे आहे. संगणकावर तपासणी केली होती ना? मग चूक तिथे का दिसली नाही?

मी आकडेमोडीचे काम करणारा माणूस आहे आणि संख्यांनी फसवल्याचा अनुभव मलाही आहे. ४ ने भागल्यावर ३ बाकी उरणाऱ्या मूळ संख्या आणि १ बाकी उरणाऱ्या मूळ संख्या यांची शर्यत लावली तर ३ वाला गट सुरुवातीला सतत पुढे किंवा बरोबरीत असतो. १ वाला गट पहिल्यांदा आघाडी घेतो ती २६,८६१ या संख्येवर, तीही एकाने, आणि पुढचीच मूळ संख्या २६,८६३ ती आघाडी पुसून टाकते. त्यानंतर तो पुढे जातो थेट ६,१६,८४१ वर. ज्याने वीस हजारांपर्यंत आकडे पाहून प्रमेय लिहिले असते, त्याची काय अवस्था झाली असती? ३ ने भागण्याची शर्यत तर आणखी छळते; तिथे १ बाकीचा गट पहिल्यांदा पुढे येतो तो ६,०८,९८,१८,१३,०२९ वर.

वर्गमुक्त

आपला प्रश्न अगदी वर्मी लागणारा आहे. तपासणी झाली होती, क्ष दहा कोटींपर्यंत नेऊन झाली होती, आणि प्रत्येक आकडा अंदाजात चपखल बसत होता. फक्त ह आम्ही १ ते १० एवढेच घेतले होते. दहापर्यंतच्या कोणत्याही संख्येला चारहून अधिक विभाजक नाहीत, त्यामुळे होणारी फुगवट आम्ही सढळ हाताने ठेवलेल्या स्थिरांकात बिनबोभाट मुरली. क्ष प्रचंड घ्यावा हे आम्हाला सुचले. ज्या चलाबद्दल नवीन दावा करत होतो तोच चल मोठा घ्यावा हे तिघांपैकी एकालाही सुचले नाही. आता ७,२०,७२० हे अंतरही तपासणीत आहे. तिचे विभाजक २४० आहेत.

एकांतवासी

थोडा विरोधी सूर लावतो. सहकार्याचे सध्या फार कौतुक होते, परंतु संख्या सिद्धांतातील मोठ्या उड्या एकेकट्याने मारलेल्या आहेत. अँड्र्यू वाइल्स फर्माच्या शेवटच्या प्रमेयावर सात वर्षे जवळजवळ गुप्तपणे काम करत होते. यितांग झांग यांनी २०१३ मध्ये लागोपाठच्या मूळ संख्यांतील अंतर अनंत वेळा ७ कोटींहून कमी असते हे सिद्ध केले, तेव्हा त्यांच्यासोबत कोणी नव्हते. समितीने असा विचार सुचत नाही. दर आठवड्याला कोणाला तरी प्रगती दाखवायची म्हटली की माणूस दाखवता येण्याजोग्या गोष्टींवरच काम करू लागतो, आणि खरी अवघड गोष्ट अनेक महिने दाखवण्याजोगी नसते. मी स्वतः दोन सहलेखकांसोबत काम करून पाहिले; त्या काळात माझ्याकडून नीटनेटके पण सामान्य गणित झाले.

वर्गमुक्त

आपले अर्धे म्हणणे मला मान्य आहे, आणि आठवड्याच्या भेटीबद्दलची तक्रार तर पूर्णच. म्हणूनच मी त्या गप्प बसण्याचा उल्लेख केला. दाखवण्यासारखे काही नसताना गप्प बसता येईल अशी माणसे मिळाली नाहीत तर एकटे राहिलेले बरे.

पण आपली दोन्ही उदाहरणे पुढे कुठे जातात तेही पाहावे. वाइल्स यांनी जून १९९३ मध्ये सिद्धता जाहीर केली. त्यानंतर परीक्षक म्हणून ती ओळीओळीने वाचणाऱ्या निक काट्झ यांनी ई-मेलने शंका विचारायला सुरुवात केली, आणि त्यांतल्या एका शंकेला उत्तर देता येईना, तेव्हा खिंडार उघडे पडले. ते सप्टेंबर १९९४ मध्ये बुजले आणि त्या दुरुस्तीत रिचर्ड टेलर सोबत होते. झांग यांच्या ७ कोटींचे तसेच. अनेक गणितज्ञांनी खुलेपणाने मिळून चालवलेल्या पॉलिमॅथ प्रकल्पाने काही महिन्यांत तो आकडा ४,६८० वर आणला. मग जेम्स मेनार्ड यांनी एकट्याने वेगळाच रस्ता काढून ६०० गाठले, ही गोष्ट आपल्या बाजूने मांडायला हवी. आणि त्यानंतर मेनार्ड यांची कल्पना घेऊन पुन्हा सर्वांनी मिळून २४६. एकटा, अनेक, एकटा, अनेक: या क्रमातला कोणता टप्पा काढून टाकायचा हे मला सांगता येणार नाही.

तसे पाहिले तर ११९ ची ती ई-मेलही दोन दिवसांच्या एकांतातूनच आली होती.

शेषवर्ग

मी पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षात आहे आणि हा धागा वाचताना थोडी अस्वस्थ झाले. आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी नाव काढायला सांगितले आणि आपण ते ठेवले. माझ्या बाबतीत उलटे घडले. एका गटातील चर्चेत मी एक पूर्वप्रमेय (मुख्य प्रमेयाला आधार देणारे छोटे विधान) सुचवले आणि त्याची सिद्धता फळ्यावर लिहून दाखवली. चार महिन्यांनी निबंध आला तेव्हा ते पूर्वप्रमेय त्यात होते आणि शेवटच्या आभारांत 'उपयुक्त चर्चेबद्दल' माझे नाव होते. भांडण करावे इतके ते मोठे नव्हते, विसरून जावे इतके लहानही नव्हते. तेव्हापासून मी चर्चेत अर्धवट कल्पना बोलतच नाही, आधी पूर्ण लिहून तारीख घालून ठेवते. याने माझे नुकसान होते आहे हे मला कळते. आपण काय करता?

समासटीप

शेषवर्ग यांना उत्तर धागालेखिका देतीलच; मी फक्त एवढे सांगतो की ही जखम जुनी आहे आणि फार मोठ्या माणसांनाही झालेली आहे. १९४८ मध्ये आटले सेल्बर्ग यांनी मूळ संख्यांबद्दलचे एक मूलभूत सूत्र प्राथमिक रीतीने मिळवले. ते कानावर आल्यावर पॉल एर्डिश यांनी त्यावरून लगतच्या मूळ संख्यांचे गुणोत्तर १ कडे जाते हे दाखवले, आणि या निष्कर्षाच्या आधारे सेल्बर्ग यांनी मूळ संख्या प्रमेयाची (एखाद्या मर्यादेपर्यंत साधारण किती मूळ संख्या असतात हे सांगणाऱ्या प्रमेयाची) पहिली प्राथमिक सिद्धता पूर्ण केली. संयुक्त निबंध लिहावा की स्वतंत्र, यावर एकमत झाले नाही. १९४९ मध्ये दोघांचे निबंध वेगवेगळे छापले गेले आणि कटुता कायमची राहिली. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते, हे त्यातले मला सर्वांत बोचणारे वाटते. काम सुरू करतानाच एक वाक्य बोलून ठेवले असते, तर?

हार्डी आणि लिटलवूड या इंग्लिश गणितज्ञांच्या जोडीने नेमके ते केले होते. त्यांच्या सहकार्याची चार तत्त्वे डॅनिश गणितज्ञ हॅराल्ड बोर यांनी नोंदवून ठेवली आहेत. पत्रात लिहिलेले बरोबर आहे की चूक याला महत्त्व नाही. आलेल्या पत्राला उत्तर देण्याचे, किंबहुना ते वाचण्याचेही बंधन नाही. दोघांनी एकाच बारकाव्यावर एकाच वेळी विचार केला नाही तर बरे. आणि एखाद्या निबंधात एकाचा वाटा शून्य असला तरी त्यावर दोघांचे नाव. चौथे तत्त्व उदार वाटते, पण माझ्या मते ते व्यवहारी आहे, कारण त्याच्यावाचून पहिले टिकत नाही. हिशेब होणार असेल तर चुकीची गोष्ट कोण मोकळेपणाने लिहील?

वर्गमुक्त

शेषवर्ग, आपल्यावर अन्याय झाला असे मला स्पष्ट वाटते. सिद्धतेसह दिलेल्या पूर्वप्रमेयाला आभाराची ओळ पुरत नाही. निदान निबंधात त्या जागी आपले नाव हवे होते, आणि सहलेखिका होण्याबद्दल आधी विचारायला हवे होते. मी काय करते ते सांगते. पहिल्या गंभीर चर्चेनंतर एक छोटी ई-मेल पाठवते: "यातून काही निघाले तर आपण ते सगळे मिळून लिहू, असे मी समजते आहे; तसे नसेल तर कृपया आताच सांगा." लिहायला संकोच वाटतो. एकदा समोरून "नाही" असे उत्तर आले, आणि ते आधीच कळले याचा मला फायदाच झाला. अर्धवट कल्पना बोलणे मात्र सर्वत्र बंद करू नका. तशी दोन माणसे निवडा आणि त्यांच्याजवळ बोला. इतरांसमोर तारीख घालून ठेवण्याची आपली पद्धत योग्यच आहे, तिच्यात लाजण्यासारखे काही नाही.

समासटीप, चौथ्या तत्त्वावरून पहिले टिकते हा दुवा माझ्या ध्यानात आला नव्हता. आमच्याकडे ज्येष्ठ सहकाऱ्यांना स्वतःचा वाटा शून्य वाटत होता, आणि माझ्या मते निबंध खरा ठरण्याचे कारणच ते होते.

पडताळा

मी पुन्हा आलो, कारण ११९ ने दोन दिवस पिच्छा सोडला नाही. हा विषय माझा नव्हे, चूक असल्यास सोडून द्यावे. वाईट ह साठी विभाजक फार असतात हे खरे, पण असे ह विरळ आहेत. १ पासून एखाद्या मोठ्या मर्यादेपर्यंतच्या सर्व संख्यांच्या विभाजकांची सरासरी काढली तर ती त्या मर्यादेच्या लॉगरिदमइतकीच येते. हे डिरिक्ले यांनी १८४९ मध्येच अचूकपणे दाखवलेले आहे. मग प्रत्येक ह साठी दावा करण्याऐवजी सर्व ह वर सरासरी घेतली, तर तुमचा मूळ निकाल, तो लॉगरिदमचा ठरावीक घात असलेला, एका जादा लॉगरिदमच्या खर्चात परत मिळत नाही का?

वर्गमुक्त

मिळतो. आपला संदेश वाचून मी जुन्या टिपणवहीत मागे गेले, तर सरासरीचे हे विधान आमच्या पहिल्या मसुद्यात होते असे दिसले. तरुण सहकाऱ्याने ते लिहिले होते, आणि प्रत्येक ह साठीचे अधिक बळकट प्रमेय हाती असताना हे कशाला, असा शेरा मारून ते मीच गाळले होते. पुढे ते बळकट प्रमेय कोसळले, त्याच्या जागी दुबळे आले, आणि गाळलेली ओळ परत घालायची आठवण नऊ महिन्यांत कोणालाही झाली नाही.

दोघांना आत्ताच कळवले आहे. मुद्रितशोधनाची मुदत गुरुवारी संपते. चार ओळींची टीप या टप्प्यावर घालता येईल का, हे संपादकांना विचारले आहे. परवानगी मिळाली तर टिपेत आपला उल्लेख करायचा आहे, तेव्हा कोणते नाव लिहावे ते मला व्यक्तिगत संदेशात कळवावे. 'पडताळा' एवढेच छापायचे असेल तर संपादक काय म्हणतील ते मात्र सांगता येत नाही.